मळ्यांतील दिवा आणि लिथियमची बॅटरी

ज्या मळ्यांत विजेची तार पोंचली नाहीं, तेथें रात्रींचा उजेड ही चैन नव्हे. विंचूकाट्याच्या भयापासून तें संरक्षण आहे. म्हणून बॅटरी घेण्यापूर्वीं शेतकरीबंधूंनीं हिशेब मांडावा. ९ वॅटचे ४ दिवे ५ तास व ५० वॅटचे २ पंखे ८ तास चालविल्यास रोज ९८० वॅट-तास, म्हणजे सुमारें १ युनिट लागतें. अभ्राच्छादित २ दिवसांची बेगमी धरल्यास २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी काटकसरीनें पुरते; तींत २.५६ युनिटें मावतात. शिशाच्या बॅटरींतील निम्माच सांठा वापरणें हितावह असतें. हिच्यांतील चार-पंचमांश खुशाल वापरावा.

लिथियम-लोह-फॉस्फेट जात पसंत करावी. इतर लिथियम जातींपेक्षां ती उष्णता अधिक सोसते. चार्ज-नियंत्रक त्याच जातीस जुळविलेला असावा. धन टोंकाजवळच एकदिश प्रवाहाचा फ्यूज बसवावा. बॅटरी कडब्यापासून दूर, सावलींत व हवेशीर जागीं ठेवावी. तापलेल्या पत्र्याखालीं ठेवूं नये. तिच्यावर ३ अश्वशक्तीचा पंप मात्र चालवूं नये. तासाभराच्या आंत ती रिती होईल आणि घर अंधारांत राहील. विहिरीची सोय निराळी करावी, हेंच श्रेयस्कर.