आधार हवा, आवळणे नको

एस्प्लनेड म्हणजे कोलकाता शहराचा सदैव गजबजलेला मध्यबिंदू. भारतातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथूनच भवानीपूरकडे धावली. या गर्दीतून वाट काढीत, सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपवून मी शाखेत पुन्हा रुजू झाले. पहिल्याच दिवशी एका वयस्क ग्राहक भगिनीने मायेने विचारले, "दीदी, आबार सुखबर नाकि?" पुन्हा गोड बातमी आहे का, असे त्या विचारीत होत्या. मी हसून वेळ मारून नेली. परंतु त्याच संध्याकाळी न्यू मार्केटच्या परिसरातून पोटाचा घट्ट पट्टा विकत आणला.

शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तेव्हा पहिले काही दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने मी पट्टा वापरला होता. उठताना, खोकताना टाक्यांना त्याचा मोठा आधार वाटे. हा नवा पट्टा मात्र मी दिवसाचे आठ-नऊ तास, श्वास अपुरा पडेल इतका आवळून बांधू लागले. पंधरवड्यातच शिंक आली की लघवीचा थेंब सुटू लागला आणि ओटीपोटात जडपणा जाणवू लागला. संकोचापोटी महिनाभर मी कोणाजवळही बोलले नाही.

परंपरा काय सांगते?

पोट बांधण्याची प्रथा आपल्याकडे पुरातन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, सूतिकेच्या पोटाला तेल-तूप लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेष्टावे, असे सांगितले आहे. मलेशियातही बाळंतिणीच्या पोटाला लांब कापड गुंडाळतात. त्याला 'बेंगकुंग' म्हणतात. माझी आई सांगलीहून आली होती, तेव्हा जुन्या सुती लुगड्याची घडी करून ती माझे पोट बांधीत असे. पण जेवताना आणि झोपताना ती घडी आठवणीने सोडीत असे. अखेर दूरध्वनीवर तिलाच सारे सांगितले. ती म्हणाली, "अगं, पट्टा आधाराला असतो, आकाराला नव्हे. डॉक्टरांना दाखव."

शास्त्र काय सांगते?

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उताणे निजवून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलायला सांगितले आणि बेंबीजवळ बोटांनी अंतर मोजले. गर्भारपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात व त्यांना जोडणारी मधली पट्टी ताणली जाते. नॉर्वेमधील ३०० प्रथम मातांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के, तर वर्षभराने सुमारे ३३ टक्के मातांमध्ये असे अंतर आढळले. म्हणजे ही कोणा एकीची उणीव नव्हे.

पट्टा हे अंतर स्वतः भरून काढीत नाही. तो अती आवळला तर पोटातील दाब खाली ओटीपोटाच्या स्नायूंवर जातो, आणि ते तर आधीच थकलेले असतात. खरी भरपाई व्यायामानेच होते: श्वास सोडताना पोट हळुवार आत घेणे, ओटीपोटाचे स्नायू आवळून सैल सोडणे, अंथरुणातून सरळ न उठता कुशीवर वळून उठणे. घाईने उठाबशा वा पोटाचे जोरकस व्यायाम सुरू करू नयेत.

एवढे अवश्य पाळा

- पट्टा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, वापरावा.
- माप सध्याच्या शरीराचे घ्यावे, गरोदरपणापूर्वीचे नव्हे.
- पट्टा बांधल्यावर खोल श्वास घेता आला पाहिजे व सहज बसता आले पाहिजे.
- तो थोडा वेळ, चालताना व कामाच्या वेळी वापरावा; झोपताना काढावा.
- जखम लाल होणे, बधिरता, जडपणा किंवा लघवी सुटणे जाणवल्यास पट्टा त्वरित काढून डॉक्टरांना भेटावे.

आम्हा बँकेतील माणसांना उसन्या भांडवलाचे मोल आणि मर्यादा, दोन्ही ठाऊक असतात. पट्टा हे असेच उसने बळ. अडचणीच्या दिवसांत ते जरूर घ्यावे, परंतु स्वतःची शिल्लक वाढवीत लवकर फेडून टाकावे. चार महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर माझा त्रास थांबला. पोट आजही पूर्वीसारखे सपाट नाही. परवा त्याच ग्राहक भगिनी आल्या, तेव्हा मी स्वतःच त्यांना बाळाचे छायाचित्र दाखविले.

वाचक भगिनींनो, आपल्या घरी नुकतीच बाळंतीण झालेली लेक वा सून असेल, तर तिच्या पोटाच्या घेराविषयी बोलण्याआधी तिला एकच विचारा: "काही त्रास तर होत नाही ना?"