एका प्रश्नाची एकवीस उत्तरं

मृग लागला की गावाहून धाकट्या भावाचा फोन येतो, "दादा, पेरू का?" मी संगणकावर हवामानाची गणितं चालवतो, म्हणून मला नेमकं ठाऊक असणार, अशी त्याची समजूत. एके वर्षी एकाच गणिताच्या भरवशावर मी "पेर" म्हणालो. पावसानं दडी मारली. त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ आली.

चुकलं काय? अंदाजासाठी संगणकात वातावरणावर एक जाळी अंथरतात. तिच्या प्रत्येक घरात तापमान, वारा, बाष्प यांचे आकडे भरायचे आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी थोड्या थोड्या वेळानंतरचे आकडे काढत पुढं जायचं. पण सुरुवातीची मोजमापं कधीच अगदी अचूक नसतात. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरून गणित पुन्हा चालवलं, तर पुढचं हवामान पार वेगळं निघालं!

म्हणून सुरुवातीचे आकडे किंचित बदलत तेच गणित अनेकदा करतात. भारतात जून २०१८ मध्ये सुरू झालेल्या अशा एका यंत्रणेत १२ किलोमीटरच्या जाळीवर २१ गणितं होती. ती एकामागून एक केली, तर उत्तर येईपर्यंत पाऊस पडूनही जायचा. म्हणून प्रत्येक गणिताला प्रोसेसरांचा वेगळा गट देऊन सगळी एकदमच चालवतात.

एका जाळीचे तुकडे वाटून घेतलेल्या प्रोसेसरांना शेजाऱ्याच्या कडेचे आकडे सतत विचारावे लागतात. त्यात वेळ जातो. वेगवेगळी गणितं मात्र एकमेकांना काहीच विचारत नाहीत. परीक्षेला वीस मुलं बसोत की दोनशे, बाकं पुरेशी असली की पेपर तीन तासांतच संपतो, तसंच हे. एखादं गणित बंद पडलं, तर तेवढंच पुन्हा चालवायचं.

बहुतेक उत्तरं जुळली, तर भरवसा वाढतो; पांगली, तर सावध व्हायचं. अर्थात, सूत्रातच खोट असेल, तर सगळी मिळूनही चुकतील.

पुढं एका मृगात भावाचा फोन आला. आता प्रश्न बदलला होता, "दादा, एकवीसपैकी किती?"

"निम्मीच."

"मग थांबतो चार दिवस."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)