तो तलाव, ते तळे आणि जर्मन नाम

नागपूरच्या सक्करदरा भागात एक जुना तलाव आहे. त्याला कोणी 'तो तलाव' म्हणेल, कोणी 'ते तळे' म्हणेल. पाणी तेच, काठ तोच. मग लिंग का बदलले? कारण लिंग वस्तूला नसून शब्दाला असते. एवढे ध्यानात आले, की जर्मन नामांची निम्मी भीती गेलीच म्हणून समजा.

जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. मराठी आणि जर्मन या दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा. त्यांनी हा जुना वारसा जपला. हिंदीत मात्र दोनच लिंगे उरली. जर्मनमध्ये लिंग दाखवण्यासाठी नामाआधी एक छोटा शब्द येतो: पुल्लिंगी नामाआधी 'डेर', स्त्रीलिंगी नामाआधी 'डी' आणि नपुंसकलिंगी नामाआधी 'डास'. चमचा 'डेर ल्योफेल', काटा 'डी गाबेल', तर सुरी 'डास मेसर'! तेव्हा मराठी लिंगावरून जर्मन लिंग ओळखू जाल तर फसाल.

मुलगी म्हणजे 'डास मेडशेन', चक्क नपुंसकलिंगी! अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने १८८० साली याची भरपूर थट्टा केली. इंग्रजी बोलणाऱ्याला हे विचित्र वाटणारच. पण आपले 'लेकरू' आठवा. मुलगा असो वा मुलगी, 'ते लेकरू'च. वासरू, कोकरू, पाखरू यांचेही तसेच. जर्मनमध्ये लहानपणा दाखवणारा 'शेन' हा प्रत्यय लागला, की नाम नपुंसकलिंगी होते. तसेच 'उंग' प्रत्ययाने बनलेली नामे स्त्रीलिंगी असतात. उदाहरणार्थ, 'डी त्साइटुंग' म्हणजे वर्तमानपत्र.

जोडशब्दाचे लिंग शेवटच्या शब्दावरून ठरते. आपल्याकडे 'तो देव' आणि 'ते घर' मिळून 'ते देवघर' होते. जर्मनमध्ये 'डास हाउस' (घर) आणि 'डी ट्यूर' (दार) मिळून 'डी हाउसट्यूर' होते.

कधी लिंगाबरोबर अर्थही बदलतो. 'वेळ गेला' आणि 'वेळ आली' यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहेच. जर्मनमध्ये 'डेर झे' म्हणजे तलाव, पण 'डी झे' म्हणजे समुद्र! (येथे 'झ'चा उच्चार 'झरा'तल्यासारखा करावा.)

आता विभक्ती पाहू. 'सक्करदरा' या नामाला 'ला' लावताना आपण 'सक्करदऱ्याला' म्हणतो. मराठीत नामच रूप बदलते. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. जर्मनमध्ये विभक्ती चारच असून बहुधा नाम तसेच राहते आणि आधीचा छोटा शब्द बदलतो. तलाव कर्ता असेल तर 'डेर झे', कर्म असेल तर 'डेन झे', आणि चतुर्थीत 'डेम झे'. षष्ठीत मात्र 'डेस झेस' होते. तेथे नामालाही 'स' जोडला जातो.

म्हणून जर्मन शिकताना नुसते 'झे' पाठ करू नका. 'डेर झे' असे जोडीनेच पाठ करा. छोटा शब्द विसरलात तर विभक्तीही चुकेल.

तत्पूर्वी एक प्रयोग करा. वर्गातील दहा वस्तूंची नावे लिहा आणि प्रत्येकीपुढे तो, ती किंवा ते मांडा. मग प्रत्येक लिंगाचे कारण शोधा. किती ठिकाणी कारण सापडते, ते पाहा!