शर्यतीच्या गाडीतील रेडिएटर

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः लहानशी शर्यतीची गाडी बांधायची आणि इतर महाविद्यालयांच्या गाड्यांशी स्पर्धा करायची, हा उपक्रम अमेरिकेत १९८१ साली 'फॉर्म्युला एसएई' या नावाने सुरू झाला. भारतात 'सुप्रा' ही अशीच स्पर्धा २०११ पासून होऊ लागली. या स्पर्धांत सर्वांत कठीण परीक्षा असते ती सुमारे २२ कि.मी.च्या सहनशक्ती-फेरीची. बऱ्याच गाड्या ती पूर्ण करू शकत नाहीत, आणि त्यामागचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंजिन तापणे. वर्षभराची मेहनत पाण्याच्या वाफेबरोबर निघून जाते.

हा प्रश्न दहावीच्या उष्णतेच्या धड्यातूनच सुटतो, म्हणून तो येथे मांडत आहे.

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली सिलिंडरभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. म्हणजे इंजिन जेवढे काम करते, साधारण तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. आपल्याकडे पुष्कळ संघ ३७३ घनसेंटिमीटरचे मोटारसायकलचे इंजिन वापरतात. वळणावळणांच्या मार्गावर त्याची सरासरी शक्ती १५ किलोवॅट धरू. तर पाण्यात दर सेकंदाला १५ किलोज्यूल उष्णता येते. घरातील पाणी तापवण्याच्या कांडीच्या दहापट!

पंप मिनिटाला ३० लिटर, म्हणजे सेकंदाला अर्धा किलो पाणी फिरवत असेल तर त्याचे तापमान किती वाढेल? पाण्याचा विशिष्ट उष्मा ४.२ किलोज्यूल, १५ भागिले (०.५ × ४.२), म्हणजे फक्त ७ अंश. पाण्याची बाजू सोपी आहे. अडचण आहे ती हवेची. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४२०० किलोज्यूल लागतात, तर एक घनमीटर हवेला जेमतेम १.२. पाण्याच्या एका लिटरचे काम हवेच्या साडेतीन हजार लिटरनी करायचे! रेडिएटरच्या नळ्यांमध्ये नागमोडी पातळ पत्रे दाटीने बसवतात, ते याचसाठी. गरम चहा बशीत ओतून आपण पृष्ठभाग वाढवतो, त्यातलाच हा प्रकार.

आता हवेचा हिशोब करू. बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि रेडिएटरमधून ती ५५ अंशांची होऊन निघते, असे समजू. मग १५ किलोवॅटसाठी सेकंदाला सुमारे ०.६ किलो, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून थोडी जास्त हवा लागेल. रेडिएटर ३० सें.मी. लांब व २७ सें.मी. उंच असेल तर त्यातून हवेने सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने जायला हवे. गाडीचा सरासरी वेग ताशी ५० कि.मी., म्हणजे सेकंदाला १४ मीटर. मग चिंता कसली, असे वाटेल. परंतु हवेला दाट जाळीतून जाण्यापेक्षा बाजूने निसटणे सोपे असते आणि ती तेच करते. त्यातून, मोटारसायकलवर उघड्यावर असणारा हा रेडिएटर येथे चालकाच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या आडोशाला बसवलेला असतो. चाकामागची हवा घुसळलेली आणि मंदावलेली असते.

पुष्कळ संघ अशा वेळी मोठा रेडिएटर शोधू लागतात. माझ्या मते आधी हवेची वाट नीट करावी. तोंडाशी अरुंद आणि रेडिएटरकडे हळूहळू रुंद होणारा बंदिस्त मार्ग केला, की हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो (बर्नुलीचे तत्त्व) आणि हा दाब तिला जाळीतून ढकलतो. कडेच्या फटी स्पंजच्या पट्टीने बुजवल्या तरी फरक पडतो, खर्च नगण्य. मागून गरम हवेला बाहेर पडायला जागा हवी, हेही विसरले जाते.

न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम सांगतो, की बाहेर जाणारी उष्णता पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. ३० अंशांच्या हवेत पाणी ९० अंशांवर स्थिरावत असेल, तर फरक ६० अंशांचा. तीच गाडी ४० अंशांच्या दुपारी तेवढ्याच जोरात पळवली तर पाणी १०० अंशांवर जाईल. सकाळच्या गारव्यात घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये, ते यामुळे. अर्थात १०० अंशांना पाणी उकळेलच असे नाही. रेडिएटरचे झाकण आत वातावरणापेक्षा सुमारे १.१ बार जास्त दाब राखत असेल तर उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. प्रेशर कुकरचेच तत्त्व. मात्र हे झाकण मंडलातील सर्वांत उंच जागी हवे. नाहीतर हवेचा बुडबुडा सिलिंडर हेडमध्ये अडकतो आणि तेथील धातू पाण्याविना तापतो.

मोटारींच्या पाण्यात मिसळतात ते ग्लायकॉल या स्पर्धांत वापरता येत नाही. ते सांडले तर मार्ग निसरडा होतो. तसे नुकसान फारसे नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणीच सरस आहे.

खरी कसोटी लागते ती निम्म्या अंतरावर. येथे चालक बदलतो. त्यासाठी तीन मिनिटे मिळतात आणि इंजिन बंद ठेवावे लागते. इंजिनवर चालणारा पंपही मग थांबतो. तापलेल्या धातूतील उष्णता साठलेल्या पाण्यात उतरत राहते आणि गाडी उभी असताना तापमान चढते. नुसता पंखा सुरू ठेवून फारसे साधत नाही, कारण रेडिएटरमधील पाणी गार झाले तरी इंजिनमधील पाणी जागचे हलत नाही. विजेवर चालणारा पंप बसवला तर पाणी फिरते. पण तो चालतो बॅटरीवर, आणि दुसऱ्या चालकाला इंजिन सुरू करायचे असते त्याच बॅटरीवर. म्हणून पंप किती अँपिअर घेतो हे मोजून, तीन मिनिटांनंतर स्टार्टरसाठी किती विद्युतभार उरतो याचा हिशोब संघाने आधीच करून ठेवावा लागतो.