चित्रबिंदुमापन, पडद्यावरील

चित्रबिंदुमापन, पडद्यावरील : जालपृष्ठावरील एखाद्या घटकाने पडद्याचे प्रत्यक्ष किती चित्रबिंदू म्हणजे पिक्सेल व्यापले आहेत, हे ठरविण्याची क्रिया. देवनागरी अक्षराची शिरोरेषा किंवा नकाशातील हद्द यांसारख्या बारीक रेषा चित्ररूपाने काढावयाच्या असता त्यांची सुस्पष्टता या मापनाच्या अचूकतेवर अवलंबून असते.

जालपृष्ठाच्या मांडणीचे एकक व पडद्यावरील भौतिक चित्रबिंदू ही एकच गोष्ट नव्हे. मांडणीचे एकक सीएसएस पिक्सेल या नावाने ओळखले जाते व ते इंचाचा १/९६ भाग मानतात. एका एककामागे एका दिशेने जितके भौतिक चित्रबिंदू येतात, त्या संख्येस उपकरण-गुणोत्तर म्हणता येईल. पूर्वीच्या बहुतेक संगणकांच्या पडद्यांवर ते १ असे. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ या दूरध्वनीवर ते २ होते. पुढे १.२५, १.५ अशी अपूर्णांकी गुणोत्तरेही रूढ झाली.

भौतिक चित्रबिंदूचे तुकडे करता येत नाहीत. त्यामुळे ब्राउझर घटकाची प्रत्येक कड जवळच्या पूर्ण बिंदूवर नेऊन बसवितो. उदा., गुणोत्तर १.५ असताना ३३ एकके उंचीच्या दोन चौकटी एकाखाली एक ठेवल्यास त्यांच्या कडा ०, ४९.५ व ९९ या स्थानी येतात. मधली कड ५० वर सरकली, तर पहिली चौकट ५० बिंदूंची व दुसरी ४९ बिंदूंची होते. म्हणजे उंची सारखी असूनही केवळ स्थानभेदामुळे बिंदुसंख्या बदलते. दोन्हींसाठी ५० ओळींचे चित्र तयार केल्यास दुसरे चित्र ४९ ओळींत दाबून बसवावे लागते आणि एका बिंदूची काळी रेषा दोन ओळींत पसरून करडी दिसते.

महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर जालन्यासह अन्य जिल्ह्यांतील गावांचे नकाशे गटवार पाहता येतात. अशा प्रकारच्या नकाशाचे चित्र याप्रमाणे दाबले गेल्यास लगतच्या दोन गटांमधील रेषा धूसर होते व लहान आकारातील १ आणि ९ यांसारखे अंक ओळखणे कठीण जाते. जमिनीची अधिकृत मोजणी भूकरमापकाकडूनच होत असली, तरी शेतकऱ्याला आपल्या गटाची पहिली ओळख पुष्कळदा पडद्यावरच होते.

घटकाची उंची गुणोत्तराने गुणून पूर्णांक घेणे, ही रूढ रीत वरील कारणाने अपुरी ठरते. त्याऐवजी दोन्ही कडांची स्थाने स्वतंत्रपणे गुणून, पूर्णांकात आणून मग त्यांची वजाबाकी केल्यास उत्तर बहुधा बरोबर येते. तथापि कडा नेमक्या कोठे बसविल्या, हे ब्राउझरलाच ठाऊक असते. म्हणून रिसाइझ ऑब्झर्व्हर या सुविधेत, मांडणी पूर्ण झाल्यावरची बिंदुसंख्या थेट कळविण्याची सोय करण्यात आली. क्रोम ब्राउझरच्या ८४ व्या आवृत्तीत (२०२०) ती उपलब्ध झाली. ही सोय सर्व ब्राउझरांत एकाच वेळी आली नाही. त्यामुळे कडांच्या वजाबाकीची रीतही पर्याय म्हणून उपयोगी पडते.