शेतातून जाणारी नळवाहिनी व खातेदाराचे हक्क

भूमिसंपादन हा शब्द कानी पडताच शेतकऱ्याच्या मनात प्रथम भीती येते ती जमीन हातची जाण्याची. रस्ता, धरण वा कालवा यांसाठी जमीन घेतली जाते तेव्हा ही भीती खरी असते. परंतु खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू वाहून नेणारी नळवाहिनी, जिला बोलण्यात पाइपलाइन म्हणतात, शेतातून जाते तेव्हा जमिनीची मालकी खातेदाराकडेच राहते. जमिनीखालून नळ नेण्याचा व त्याची देखभाल करण्याचा हक्क तेवढा घेतला जातो. हा भेद न कळल्यामुळे काही खातेदार विनाकारण घाबरतात, तर काही ‘जमीन तर आपलीच आहे’ या समजुतीने स्वस्थ बसतात आणि हरकतीची मुदत दवडतात. यांपैकी दुसरी चूक अधिक महाग पडते.

वाशिम जिल्ह्यास हा विषय परका राहिलेला नाही. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. ‘गेल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची सुमारे ७०० किलोमीटर लांबीची मुंबई–नागपूर वायुवाहिनी बहुतांशी याच महामार्गालगतच्या पट्ट्यातून नेण्यात आली आहे. महामार्गासाठी आधीच घेतलेल्या जागेचा असा उपयोग झाल्याने पुष्कळ शेते खोदकामापासून वाचली. परंतु वाहिनी महामार्ग सोडून जेथे शेतात शिरते, किंवा पुढे तिला फाटे फुटतात, तेथे खातेदारास कायद्याचे ज्ञान असणे अगत्याचे आहे.

मालकी निराळी, वापराचा हक्क निराळा

या कामासाठी १९६२ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. प्रारंभी तो केवळ पेट्रोलियमच्या नळवाहिन्यांपुरता होता. १९७७ साली त्यात खनिजांचाही समावेश झाला. नळ जमिनीखाली गाडला जातो, वर पूर्ववत पीक घेता येते. मग संपूर्ण जमीन विकत घेण्याची आवश्यकता नाही, हे या कायद्यामागील सूत्र होय. म्हणून येथे जमिनीचे नव्हे, तर तिच्या ‘वापराच्या हक्काचे’ संपादन होते.

खातेदारास पूर्वीप्रमाणे सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके त्या पट्ट्यात घेता येतात. परंतु कलम ९ अन्वये तेथे इमारत किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही. विहीर, तळे, जलाशय वा बंधारा करता येत नाही. झाडही लावता येत नाही. कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात ही अट सामान्य समजू नये. ज्या शेताचे भवितव्य उद्याच्या विहिरीवर, शेततळ्यावर किंवा संत्र्याच्या बागेवर अवलंबून आहे, त्या शेताच्या मधोमध असा पट्टा पडला तर जमीन नावावर राहूनही तिचा विकास खुंटू शकतो. तोच पट्टा धुऱ्याच्या कडेने गेला तर हानी पुष्कळच कमी होते.

एकवीस दिवसांचे महत्त्व

वापराचा हक्क घेण्याचा इरादा शासन प्रथम राजपत्रातील अधिसूचनेद्वारे जाहीर करते. तीत गाव, गट क्रमांक व बाधित क्षेत्र दिलेले असते. केंद्र शासनाचे राजपत्र हिंदी व इंग्रजी भाषांत निघत असल्याने त्याचा सारांश मराठीत समजावून घेणे आवश्यक आहे. अधिसूचनेपासून २१ दिवसांच्या आत हितसंबंधी व्यक्तीस सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. हे दिवस अधिसूचनेच्या प्रती जनतेस उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजण्याची प्रथा अधिसूचनांतच नमूद असते. हरकतदारास स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

हरकत ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या शब्दांत लिहू नये. शेताचा कच्चा नकाशा जोडावा. विहिरीची, बागेची वा शेततळ्याची नियोजित जागा त्यावर दाखवावी. वाहिनी कोणत्या बाजूने नेल्यास हानी टळेल ते स्पष्ट सांगावे. घर असलेली वा राहण्यासाठी वापरात असलेली जागा, घरालगतची आवारातील जागा आणि अधिसूचनेपूर्वीच उभे असलेले पक्के बांधकाम, यांखालून वाहिनी नेण्यास कलम ७ मनाई करते. तसेच वाहिनी भूपृष्ठापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. यांपैकी एखादी बाब लागू असेल तर ती हरकतीत अवश्य नमूद करावी.

हरकतींचा निर्णय झाल्यावर हक्कसंपादनाची घोषणा होते. पहिल्या अधिसूचनेपासून एक वर्षाच्या आत ही घोषणा न झाल्यास ती अधिसूचना निष्प्रभ ठरते. या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरातमधील एका प्रकरणात मान्य केली. त्याच वेळी, सक्षम प्राधिकारी हा न्यायिक पदावरील किंवा कायद्याचे शिक्षण असलेला, सर्वांचा विश्वास बसेल असा असावा, असेही न्यायालयाने म्हटले.

भरपाई दोन प्रकारची

पहिली भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची. उभे पीक व तोडलेली झाडे, काही काळ शेताचे दोन भाग झाल्याने झालेली अडचण, इतर मालमत्तेची वा मिळकतीची हानी, हे सर्व तीत येते. दुसरी भरपाई वापराचा हक्क गेल्याबद्दलची असून ती त्या पट्ट्याच्या, अधिसूचनेच्या तारखेस असलेल्या बाजारमूल्याच्या १० टक्के असते. उदाहरणार्थ, पट्टा २० आर आणि बाजारमूल्य हेक्टरी १५ लाख रुपये धरल्यास पट्ट्याचे मूल्य ३ लाख रुपये होते व या सदराखाली ३० हजार रुपये मिळतात. पिकाची भरपाई याहून वेगळी मागावयाची असते. बटईने शेती करणाऱ्याचे पीक गेले असल्यास त्यानेही आपला दावा मांडावा.

अधिसूचनेनंतर केलेले बांधकाम वा सुधारणा भरपाईत धरली जात नाही. म्हणून भरपाईच्या आशेने घाईघाईने विहीर खोदण्यात पैसा घालू नये. ठरविलेली रक्कम मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो व त्यांचा निर्णय अंतिम असतो. अर्जास मुदत असल्याने आदेश हाती येताच वकिलाचा सल्ला घ्यावा.

खोदकामात वरची काळी माती व खालचा मुरूम एकत्र झाल्यास त्या पट्ट्याची सुपीकता पुढील हंगामांत घटते. याकरिता काळी माती निराळी रचून शेवटी वर पसरावी, असा आग्रह काम चालू असतानाच धरावा. कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे घ्यावीत आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी पीक, झाडांची संख्या व क्षेत्र तपासून पाहावे.

शेजाऱ्याच्या शेतातून पाण्याचा नळ

वरील कायदा सिंचनाच्या नळास लागू नाही. आपल्या हक्काच्या विहिरीचे वा नदीचे पाणी शेतापर्यंत आणण्यास शेजाऱ्याच्या जमिनीतून नळ न्यावा लागत असेल आणि आपसात जमत नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४९ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तहसीलदार दोन्ही बाजू ऐकून अटींवर परवानगी देऊ शकतात. नळ शक्य तितक्या जवळच्या अंतराने जावा, जमिनीखालील नळ निदान अर्धा मीटर खोल असावा, उघडा पाट असल्यास त्याची रुंदी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी आणि शेजाऱ्यास नुकसानभरपाई व वार्षिक भाडे मिळावे, या त्यांतील मुख्य अटी होत. खोदलेली जमीन स्वखर्चाने पूर्ववत करणे व नळ दुरुस्त ठेवणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे. धुऱ्यावरील पुष्कळ भांडणे या मार्गाने मिटू शकतात.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावातील गट क्रमांक अधिसूचनेत आल्याचे कळताच ग्रामकार्यकर्त्यांनी त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी व हरकतीची शेवटची तारीख ठळक अक्षरांत लिहावी. बाहेरगावी राहणारे सहहिस्सेदार, विधवा खातेदार व बटईदार यांना ती स्वतः जाऊन सांगावी. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागलेली नसल्यास भरपाई अडकून पडते. ती नोंद तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, आधीच पूर्ण करून घ्यावी. जमीन विकत घेणाऱ्यानेही सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचल्यावाचून व्यवहार करू नये.

नळवाहिनी एकदा गाडली गेली की ती पुढील पिढीच्या शेतीलाही मर्यादा घालते. ती मर्यादा शेताच्या कोणत्या भागावर पडावी याविषयी बोलण्याचा हक्क खातेदारास कायद्यानेच दिला आहे, आणि तो बजावण्यासाठी मुदत एकवीस दिवसांचीच आहे.