उद्योगासाठी अर्ज : शिफारशीपासून अनुदानापर्यंत

भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगर औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी दुरूनच दृष्टीस पडतात. कोळसा जाळून वीज निर्माण करणाऱ्या या केंद्रातून राखही मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते. पाण्याबरोबर वाहून नेलेली राख वेल्हाळे येथील बंधाऱ्यात साठविली जाते, तर धूर गाळून मिळणारी बारीक, कोरडी राख विटा व सिमेंट तयार करणाऱ्यांच्या उपयोगी पडते. राखेची विट भाजावी लागत नाही. राख, कच किंवा वाळू आणि सिमेंट अथवा चुना यांचे मिश्रण यंत्रात दाबून ती पाडली जाते व काही दिवस पाणी मारून पक्की केली जाते. सुपीक माती त्यामुळे वाचते. साहजिकच या परिसरातील एखाद्या सुशिक्षित तरुणाच्या मनात असा कारखाना काढण्याचा विचार येतो आणि तो सरपंचांकडे किंवा गावच्या शिक्षकांकडे विचारणा करतो, ‘सरकारी कर्ज कसे मिळेल?’

येथेच पहिला गैरसमज होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सरकार कर्ज देत नाही. कर्ज देते ती बँक. सरकार देते ते अनुदान. पूर्वीच्या दोन रोजगार योजना एकत्र करून 2008 साली हा कार्यक्रम सुरू करण्यात आला. खादी व ग्रामोद्योग आयोग, राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र या यंत्रणांमार्फत तो राबविण्यात आला. 1978 साली देशात जिल्हा उद्योग केंद्रांची योजना सुरू झाली, तेव्हा उद्योजकाला एकाच छताखाली सर्व साहाय्य मिळावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात कार्यालय एक असले तरी निर्णय तीन ठिकाणी होतात, आणि ते तिन्ही वेगवेगळ्या कसोट्यांवर होतात.

यंत्रणेकडे अर्ज आला की प्रथम पात्रता पाहिली जाते. अर्जदाराचे वय अठरा वर्षांहून अधिक हवे. उत्पादन प्रकल्प दहा लाख रुपयांहून मोठा असल्यास तो किमान आठवी उत्तीर्ण असावा लागतो. शाळेच्या दाखल्याचे महत्त्व ते येथे. उद्योग नवा हवा, आणि पती-पत्नींपैकी एकालाच लाभ घेता येतो. कारखाना ग्रामीण भागात असल्याचा दाखलाही लागतो. हा दाखला केवळ उपचार नव्हे. 2022 साली सुधारलेल्या सूचनांनुसार पंचायत राज संस्थांच्या हद्दीतील क्षेत्र ग्रामीण समजण्यात आले. सर्वसाधारण प्रवर्गास तेथे प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के अनुदान ठरविण्यात आले, तर भुसावळ नगरपालिकेच्या हद्दीत त्याच कारखान्यास 15 टक्केच. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, माजी सैनिक इत्यादींसाठी हे प्रमाण ग्रामीण भागात 35 व शहरी भागात 25 टक्के. दाखला घाईने वा चुकीचा दिला गेला तर अर्जदाराचे गणितच बिघडते.

2020 पर्यंत अशा अर्जांची छाननी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील कार्यबल समितीपुढे होत असे. त्या वर्षी ही पायरी वगळण्यात आली व यंत्रणांनी अर्ज तपासून थेट बँकेकडे पाठवावेत, असे ठरले. तरीही ‘समितीत ओळख आहे’ असे सांगून पैसे मागणारे मध्यस्थ अधूनमधून आढळतात. अर्जासाठी शुल्क नाही आणि त्यासाठी मध्यस्थ नेमलेले नाहीत, हे गावोगाव सांगितले गेले पाहिजे.

बँकेचा प्रश्न

यंत्रणेची शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. कर्ज द्यावे की नाही हे बँक स्वतंत्रपणे ठरविते, आणि अनेक अर्ज अडतात ते येथेच. अर्जदार गरजू आहे, एवढे बँकेला पुरत नाही. हप्ता कोठून येणार, हे तिला पाहावे लागते. विटांच्या प्रकल्प अहवालात यंत्राचे दरपत्रक नीट जोडलेले असते. पण कोरडी राख नियमित मिळण्याची लेखी व्यवस्था नसते. राख शेजारी पडली आहे म्हणजे ती आपलीच, असे गृहीत धरून चालत नाही; सिमेंट कारखान्यांनाही तीच राख हवी असते. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, तयार माल पडून राहतो आणि मजुरी मात्र द्यावी लागते. त्या महिन्यांसाठी खेळते भांडवल अहवालात धरलेले नसेल, तर यंत्र चांगले असूनही कारखाना पहिल्याच वर्षी अडचणीत येतो. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. दुसऱ्याच्या अहवालाची नक्कल करून केवळ नाव बदललेला अर्ज बँकेच्या अधिकाऱ्याला दोन प्रश्नांतच ओळखू येतो.

अनुदान हाती येत नाही

वीस लाख रुपयांचा प्रकल्प घेऊ. सर्वसाधारण प्रवर्गातील ग्रामीण अर्जदाराने दोन लाख रुपये स्वतःचे घालावयाचे. उरलेले अठरा लाख बँक देणार. मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण घ्यावे लागते आणि कर्जाचे वाटप सुरू झाल्यावर बँक अनुदानाची मागणी करते. ते पाच लाख रुपये अर्जदाराच्या हाती दिले जात नाहीत. ते त्याच्या नावे बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीत राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, तसेच कर्जातील तेवढ्या रकमेवर व्याज आकारलेही जात नाही. म्हणजे व्याजाचा भार तेरा लाखांवर पडतो. हाच प्रकल्प एखाद्या महिलेने उभारला तर तिचा वाटा एक लाख, बँकेचे एकोणीस लाख आणि अनुदान सात लाख होते.

‘सात लाख माफ’ अशा शब्दांत ही योजना गावात पोचली की घोटाळा होतो. पहिल्याच वर्षी ती रक्कम मिळेल, या भरवशावर कोणी खाजगी सावकाराकडून उसनवार करतो आणि दुहेरी व्याजात सापडतो. उत्पादन प्रकल्पाची कमाल मर्यादा 2022 मध्ये 25 लाखांवरून 50 लाखांवर नेण्यात आली. आकडा मोठा झाला तशी ही जोखीमही वाढली.

या तरतुदींना 2025-26 अखेरपर्यंतची मान्यता देण्यात आली होती. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी अर्ज करतेवेळचे दर व मर्यादा जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा उद्योग केंद्रातून समजून घ्याव्यात. तीन वर्षांनी कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी होते. यंत्र फिरते आहे, माल निघतो आहे, असे आढळल्यावर ठेवीतील अनुदान कर्जखात्यात वळते केले जाते.